पत्रकात गुंडाळलेला डबा

तालुक्याला कॉलेज हवं म्हणून सह्या करणारे आपण, आपल्या मुलांना कुठल्या कॉलेजात घालतो?

मी नाशिकला बीएस्सी करत होते तेव्हा माझं जेवण सटाण्याहून एसटीनं यायचं. आई भाकऱ्या थापायची, अण्णा डबा बांधून कंडक्टरच्या हवाली करायचे. दुपारी स्टँडवर आम्ही दहा-बारा जण गाडीची वाट बघत उभे असायचो. माझ्या डब्याभोवती अण्णांचं पत्रक गुंडाळलेलं असे. आमच्या घरात रद्दी म्हणजे पत्रकंच. कंडक्टरमामा रोज म्हणायचे, "घे बाई, तुझाच जड. भाषण भरलंय त्यात."

त्या पत्रकांवरच मी वाचायला शिकले होते. 'विज्ञानाची पदवी तालुक्यातच मिळाली पाहिजे' हे मला पाठ होतं. एकदा जेवता जेवता खालच्या सह्या वाचल्या आणि मान वर केली. शेजारच्या डब्यांच्या झाकणांवर तीच आडनावं रंगवलेली होती.

रविवारी घरी गेल्यावर म्हटलं, "अण्णा, पहिली सही तुमची आणि पहिला डबाही तुमचाच."

माझ्या परतीच्या डब्याला सुतळीची गाठ मारून, नाशिकच्या दिशेला हात करत ते अहिराणीत म्हणाले, "तठे प्रयोगशाळा शे, बेटा. आठे नुसतं पत्रक शे."

त्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे. तिला शाईचाही जरा वास असायचा.

यंदा सटाण्याजवळच्या एका लहान कॉलेजात विज्ञानाच्या पदवीचा वर्ग अखेर सुरू झाला, प्रयोगशाळेसकट. पण जागा भरल्या नाहीत तर तो बंद होणार. माझी धाकटी बहीण बारावी झाली आणि सगळे मला म्हणू लागले, "तुझी नाशिकला खोली आहे, घेऊन जा तिला." तिलाही तेच हवं होतं. "तू एसटीचा डबा खाल्लास, मी का नाही?"

मी तिला आधी त्या प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा ठेवला. नाशिकला माझाही पहिला प्रयोग हाच होता. तिनं बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

"हा कांदा कुठला?"

"आपल्याकडचाच," मी म्हटलं. "नाशिकलाही इथूनच यायचा."

"मग मी कशाला जाऊ तिकडे?" म्हणत तिनं अर्ज मागून घेतला.

तिच्या वर्गात अजून बरीच बाकं रिकामी आहेत. तुमच्या घरात कुणी बारावी झालं असेल तर शहराचा अर्ज भरण्याआधी त्याला एकदा त्या प्रयोगशाळेत घेऊन जा. पसंत पडली, तर तिथंच नाव घाला.