आशीर्वादवाले साहेब

किस्से कोणी गोळा करत नाही, ते साचतात. स्टोअरच्या खालच्या ड्रॉवरमध्ये सुटे वॉशर साचतात तसे. बर्मिंगहॅमच्या एका नटबोल्टच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. पहिल्या आठवड्यातच वही सुरू केली, ती नवे इंग्रजी शब्द लिहायला. पुढे शब्दांच्या मागोमाग माणसंही वहीत आली. कारखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी आम्ही जुनी मंडळी दर बुधवारी कारखान्याच्या हॉलमध्ये चहाला जमतो, आणि कोणीतरी विचारतंच, "वही आणलीस का?"

* * *

कँटीनमध्ये संस्थापकांचा, सर विल्फ्रेड यांचा, मोठा फोटो होता. आम्ही यायच्या कितीतरी आधी ते वारले होते. फोटोत ते एका चौथऱ्यावर उभे, उजवा हात पुढे पसरलेला, तळवा खाली. आम्हा मराठी लोकांना शंकेला जागाच नव्हती. साहेब आशीर्वाद देत होते!

आमच्या युनियनचे सेक्रेटरी गायकवाडकाका. पक्के बौद्ध, कोणापुढे वाकायचं नाही हा नेम. पण मॅनेजमेंटशी बोलणी करायला निघाले की मिनिटभर त्या हाताखाली उभे राहायचे. मी एकदा छेडलं, "काका, तुम्ही आणि आशीर्वाद?"

"वाकलो का मी? हात त्यांचा, डोकं माझं. मधे अंतर आहे."

* * *

गेटवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे होतं. सर विल्फ्रेड इटलीला जाऊन आले, तिथली शिस्त बघून खूश झाले आणि घड्याळ पुढे करायला लावलं, असं जुने लोक सांगत. ते मागे करायची हिंमत पुढे कोणी केली नाही. आम्ही त्याला 'इटालियन टाइम' म्हणायचो.

माझी मुलगी झाली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. हॉस्पिटलमधून फोन आला, नर्स म्हणाली, आत्ताच झाली. मी खिडकीतून गेटकडे बघितलं आणि वेळ वहीत टिपली. तीच वेळ पुण्याला कळवली, तिच्यावरून पत्रिका झाली, पत्रिकेवरून लग्न जुळलं. घोळ लक्षात आला तेव्हा लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "गप्प बसा. जावई चांगला मिळालाय."

* * *

कारखाना पाडला, हॉल तेवढा राहिला. तेव्हा तो फोटो आणि कागदांची खोकी हॉलमध्ये आली. गेल्या वर्षी काकांची नात लीना ती लावायला बसली. ती शाळेत इतिहास शिकवते. मराठी बोलते, पण लिंगाशी तिचं जमत नाही.

तिने फोटोची फ्रेम उघडली. आतली पुठ्ठ्याची चौकट काढली, तर साहेबांच्या दोन्ही बाजूंना माणसांची रांग, सगळ्यांचे हात तसेच पसरलेले. मागे नाझी जर्मनीचे झेंडे.

"आजोबा," लीना म्हणाली, "तुमची साहेब फॅसिस्ट होती."

त्या दिवशी तिचं व्याकरण कोणी सुधारलं नाही.

खोक्यांत पत्रं होती. युद्धाआधी साहेब इतर कारखानदारांबरोबर जर्मनी-इटली फिरून आले होते. तिकडे युनियन मोडून काढल्यात, संप होतच नाहीत, हे त्यांना फार आवडलं होतं. मित्रांना तसं पुन्हापुन्हा लिहिलं होतं. युद्ध लागलं आणि पत्रं थांबली. मग याच कारखान्याने लढाऊ विमानांचे बोल्ट बनवले. 'सर' हा किताब त्याबद्दलचा.

* * *

आमचा गोरा फोरमन बर्ट शेजारी बिस्किट बुडवत बसला होता. तो म्हणाला, हे त्याला वडिलांकडून केव्हाच कळलं होतं.

मी विचारलं, "मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत आहे. तुमचे काका बोलणीआधी मुद्दाम त्या हाताखाली उभे राहून त्याची टिंगल करताहेत. काय सेन्स ऑफ ह्यूमर आहे यांचा, असं मी घरी बायकोला सांगायचो."

सगळे हसले. काका हसले नाहीत. पुढचे तीन बुधवार ते आलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेलो. काका म्हणाले, "अडतीस वर्षं युनियन चालवली रे मी. आणि उभा कोणाच्या हाताखाली राहिलो? लोक आता हेच लक्षात ठेवणार." मी चहा पिऊन परत आलो.

* * *

हॉल आता कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या ताब्यात आहे, पण त्याला अजून सर विल्फ्रेड यांचं नाव आहे. ते काढायचं का, हे ठरवायला कौन्सिलने मीटिंग बोलावली. जुन्या कामगारांचं मत काकांनी सांगायचं होतं. ते येतील याची आम्हाला खात्री नव्हती. आले. टाय लावून, लीनाचा हात धरून.

साहेबांची वयस्कर नात आधी बोलली. म्हणाली, आजोबांची चूक होती, पण त्या काळी पुष्कळ मोठे लोक तसंच बोलत.

मग काका उठले. म्हणाले, "नाव राहू द्या. ज्याला युनियन नको होती, त्याच्या घरात आम्ही अडतीस वर्षं युनियन चालवली. नाव काढलं तर लोकांना कळणार कसं, कोणाच्या घरात?"

कौन्सिलची बाई गोंधळली. नाव ठेवा म्हणाले, पण कारण तर साहेबांच्या विरुद्धचं. तिच्या फॉर्मवर दोनच चौकोन होते. तिने विचारलं, "मिस्टर गायकवाड, मग तुमचं मत नावाच्या बाजूने लिहू, की विरुद्ध?"

काका खाली बसले, टाय सैल केला आणि म्हणाले, "लिहा, संप चालू आहे."