समोरच्या खुर्चीतला भिडू

गेल्या रविवारी दुपारी आयुष्यात पहिल्यांदा पोकर खेळलो... वय शहात्तर, गाव आमोणे, जागा आमच्याच घराचा सोपा.

कारण माझी नात ऋतुजा. पणजीच्या एका कॅसिनोत डीलरच्या जागेसाठी दुसऱ्या दिवशी तिची चाचणी होती. आम्हा गोवेकरांना तिथे खेळायला मनाई, कामाला मात्र चालतो! पानं वाटायच्या सरावाला तिला माणसं हवी होती.

अडचण एकच. तिचे बाबा, म्हणजे माझा मुलगा विनय, तयार नव्हता. पिऊन आलेला एखादा टेबलावर दादागिरी करायला लागला तर ही पोर घाबरून गप्प बसेल, हे त्याचं म्हणणं. आणि बाबा मनापासून हो म्हणाले नाहीत तर जाणार नाही, हे ऋतुजाचं...

तर मी आणि माझी बायको मालती खेळायला बसलो. डावावर लावायच्या चिप्सऐवजी काजूच्या बिया. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये पाच पानं टप्प्याटप्प्याने उघडायची. सातांतली उत्तम पाच आपली. दर टप्प्याला बिया लावा, नाहीतर पानं टाकून बाहेर पडा.

कुठला हात कुणापेक्षा मोठा, ते काही पाठ होईना. शेवटी शाळेतल्या कवितेची चाल लावली... जोडी, दोन जोड्या, मग एकसारखी तीन, मग ओळीने पाच, मग एका रंगाची पाच... डोळे मिटले नि बाकाशेजारी उभा राहून म्हणतोय असंच वाटलं.

"कविता झाली असेल तर पानं बघा," मालती म्हणाली.

तेवढ्यात विनय चहा आणि बेकरीतले उंडे पाव घेऊन आला. माझ्या समोरची खुर्ची रिकामी होती. "एकच डाव हां," म्हणत बसला. ऋतुजाने त्यालाही पानं वाटली.

माझ्या हातात दोन राण्या. मध्ये उघडली तिसरी! मालती आधीच बाहेर पडली होती. विनयने मूठभर बिया पुढे सरकवल्या... आणि मी खुशीत पानं टाकून दिली, तीही उघडी.

आता त्याचं असं आहे. चवथीला गणपतीपुढे आम्ही मेंढीकोट खेळत वाढलो. त्यात समोर बसतो तो आपला भिडू, आणि भिडू हात घेत असला की आपण त्याच्यावर मारायचं नसतं. पोकरमध्ये भिडूच नसतो, हे ऋतुजाने दोनदा सांगितलं होतं... पण साठ वर्षांची सवय.

"तीन राण्या टाकल्या?" मालती म्हणाली. "मी समोर बसते तेव्हा बरा नाही आठवत भिडू!"

मी ओशाळून पानं उचलायला गेलो, तर ऋतुजाचा हात आडवा. "टाकलेली पानं परत मिळत नाहीत."

"अगो बाय, आजो तो," विनय हसत म्हणाला. "घेऊ दे. माझ्याकडे नुसती जोडी आहे."

"टेबलावर आजो कोण नाही. ही तीन नंबरची खुर्ची. आणि सर, डाव चालू असताना तुमची पानं सांगू नका."

सर! बापाला!

मीही मग मुद्दाम दरडावलं, "आणि मी उचललीच तर?"

"तर मी सुपरवायझरना बोलावीन, सर." आवाज चढला नाही, चेहरा हलला नाही. सगळ्या बिया तिने शांतपणे विनयकडे सरकवल्या.

विनयचं हसू थांबलं. त्याने चहाचा कप बाजूला सरकवला.

"उद्या कितीला पोचायचं?"

"नवाला."

"मग सातला तयार राहा. मी सोडतो."

ती एकदम लहान झाली. पानं टाकून स्वयंपाकघरात पळाली, आईला सांगायला.

निकाल अजून यायचाय. आपली मुलं घरात 'नाही' म्हणतात तेव्हा आपण आधी रागावतो... त्याच 'नाही'च्या जोरावर ती बाहेर उभी राहणार असतात, हे मला या वयात कळलं. कळलं, हे काय थोडं झालं?