दोन डबे आणि सासूबाईंची भाकरी

मोखाड्याच्या शाळेत दहावीला गणित शिकवणाऱ्या माणसाने भाकरीच्या नादी लागू नये. पण पोशेऱ्याहून सासूबाई आल्या आणि मी घरात जाहीर केलं, आज भाकऱ्या माझ्या.

घरात पिठाचे दोन डबे होते. एकात निम्मी नागली, म्हणजे नाचणी, आणि निम्मा तांदूळ. दुसऱ्यात पाव नागली, बाकी तांदूळ. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, नागली तिसरा हिस्साच घाला. जास्त झाली की भाकरी फुटते."

मी सहा वाट्या पिठासाठी दोन समीकरणं मांडली. एक्स दोन, वाय चार. मोठ्या झोकात पीठ मोजून मळलं.

पहिल्या भाकरीचे तव्यावर चार तुकडे झाले, दुसरीचे पाच.

"गणित बरोबर आहे," मी म्हणालो.

माझ्याच वर्गात शिकणाऱ्या मुलीने कागद बघितला. "बाबा, एक्स म्हणजे कोणता डबा, ते लिहिलंच नाही तुम्ही."

मी निम्म्या नागलीच्या डब्यातून दोनऐवजी चार वाट्या घेतल्या होत्या.

"चाचणीत याच चुकीला माझा अर्धा गुण कापलात," ती म्हणाली.

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "पोरीचा गुण देऊन टाका, मग जेवते."

मी लाल पेन शोधायला उठलो.