सल्ला न देण्याची पदवी

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाने आजवर एकाही माणसाला सल्ला दिल्याशिवाय घरी जाऊ दिलेले नाही. हे मी अंदाजाने लिहीत नाही. एकदा गांधीबागेतल्या त्यांच्या कापडाच्या दुकानात मी दुपारी दोन ते पाच बसलो होतो. तेवढ्या वेळात एकवीस माणसे आली. चौदा जणांनी कापड नेले आणि एकवीस जणांनी सल्ला नेला. परकराचे कापड बघायला आलेल्या बाईंना गुडघ्यांसाठी काय करावे ते कळले, गठ्ठे उतरवणाऱ्या हमालाला श्वास कसा घ्यावा ते कळले, आणि नुसता पत्ता विचारायला आत आलेला एक गृहस्थ जवसाची चटणी कशी करावी ते ऐकून बाहेर पडला. त्या चटणीने बरा न होणारा आजार अजून निघायचा आहे, असे त्यांचे मत आहे. एका नातेवाइकाला बघायला ते दवाखान्यात गेले, तर तपासायला आलेल्या डॉक्टरचाच हात धरून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोळ्याखाली काळं होऊन राहिलं तुमच्या. झोपता किती वाजता?" डॉक्टरने मुकाट्याने वेळ सांगितली. सीताबर्डीला सिग्नल लाल असेपर्यंत ते शेजारच्या स्कूटरवाल्याला पाठ सरळ कशी ठेवायची ते शिकवतात. लोक रागावत नाहीत. कारण वर्षभराने तोच माणूस भेटला, तर त्याचे नाव विसरले तरी त्याचा गुडघा ते विसरत नाहीत.

एकसष्टाव्या वर्षी त्यांनी दुकान मुलाकडे सोपवले आणि घरी बसले. घरात ऐकायला वहिनी एकट्याच. त्या तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, "मी एकटी किती ऐकू?" शेवटी सुनेने फोनवर एक जाहिरात दाखवली. लोकांना खाण्याच्या, झोपेच्या, चालण्याच्या सवयी बदलायला मदत करतो तो हेल्थ कोच, आणि त्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम एका विद्यापीठात निघाला होता. "म्हंजे चाळीस वर्षांपासून मी जे करून राहिलो, त्याची डिग्री भेटते?" असे म्हणून ते त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. माझी नोकरी आकड्यांची आहे आणि फॉर्म मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, एवढीच माझी सासरी ख्याती.

प्रवेशासाठी पदवीला पंचेचाळीस टक्के हवे होते. त्यांची बी.कॉम.ची पिवळी पडलेली गुणपत्रिका मी तपासली. बाराशेपैकी पाचशे पस्तीस, म्हणजे चव्वेचाळीस पूर्णांक अठ्ठावन्न. त्यांनी गुणपत्रिकेची घडी घातली. पण नियमपुस्तिकेच्या नवव्या पानावर लिहिले होते की अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक अपूर्णांक पूर्ण धरावा. मी ते वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मला मिठी मारली. आकडेमोडीबद्दल मला कोणी मिठी मारल्याची दुसरी नोंद नाही. पुढे पाचशे शब्दांत प्रवेशाचा हेतू लिहायचा होता. त्यांनी तेराशे चाळीस शब्द लिहिले, त्यांतले चारशे जवसावर होते. दोन शिफारसपत्रे हवी होती, आणि शिकवणारे सर तर आता कोणीच उरले नव्हते. मग खापा गावच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहून दिले, "यांच्या सांगण्यावरून मी तंबाखू सोडली. दोनदा सोडली." मुलाखतीत विचारले, समोरचा माणूस बदलायला तयारच नसेल तर काय कराल? हे म्हणाले, "त्याले जेवायले बोलवीन." प्रवेश मिळाला.

खरा धक्का पहिल्याच महिन्यात बसला. हेल्थ कोचने सल्ला द्यायचा नसतो, हा त्या शास्त्राचा पाया आहे. त्याने विचारायचे, ऐकायचे, आणि माणूस स्वतःच काय ठरवतो याची वाट पाहायची. "सांगायचंच नाही म्हणते! मंग लोकाइले कळन कसं?" असे ते आठवडाभर म्हणत होते. हजेरी त्यांची शंभर टक्के, लेखी गुण उत्तम. पण प्रात्यक्षिकात त्यांच्या मुलीच्या वयाच्या मॅडमनी मागे बसून मोजले, तर वीस मिनिटांत अकरा सल्ले निघाले. त्यांना एका सत्रापुरते प्रोबेशनवर टाकले गेले. नियम असा, की सत्र संपण्याआधी पंचेचाळीस मिनिटांच्या दहा बैठका खऱ्या माणसाबरोबर घ्यायच्या, प्रत्येकीचा त्या माणसाने सही केलेला फॉर्म द्यायचा आणि पुन्हा परीक्षेला बसायचे. नाहीतर नाव कमी. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना घाबरलेले पाहिले. "दुकानात बसाव लागलं म्हणून तवा पुढं शिकता नाही आलं," ते म्हणाले. "आता या वयात काढून टाकलं, तर कोनाले तोंड दाखवू?"

खरा माणूस म्हणून त्यांना मी सापडलो. माझी साखर काठावर होती. दहा रविवार सकाळी आठ वाजता मी त्यांच्यासमोर बसलो. सल्ला बाहेर पडू नये म्हणून ते दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवत. "जेवून लगेच आडवं होता, जवाईबापू, त्याच्याबद्दल तुमाले सोताले काय वाटते?" हे विचारताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा. पण पंचेचाळिसावे मिनिट संपले की ते उठून म्हणत, "आता मी कोच नाही, साळा आहे," आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ताट मागवत. आमच्याकडे जावई उपाशी उठला तर गावभर होते. पुरणपोळी, त्यावर वाटीभर तूप, आणि नाही म्हणालो की अजून एक. दहा रविवारांत माझे वजन एक किलो दोनशे ग्रॅम वाढले.

तरी त्या बैठकांत काहीतरी होत होते. सहाव्या रविवारी, आकडे सांगता सांगता, मी बोलून गेलो की माझे वडील चौपन्नाव्या वर्षी अचानक गेले आणि मला आता चौपन्नावे चालू आहे. हे मी बायकोलाही सांगितले नव्हते. त्यांचा एक हात मांडीखालून निघाला होता, तो त्यांनी पुन्हा आत घातला.

दहावा फॉर्म भरला त्या रात्री मी प्रवेशाच्या वेळी मिठीमुळे नवव्या पानावर सोडलेली नियमपुस्तिका पुढे वाचली. एक्केचाळिसाव्या पानावर कलम होते: रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या माणसाबरोबरच्या बैठका धरल्या जाणार नाहीत, आणि नाते लपवल्यास नाव कायमचे कमी होईल. ताटावर बसून न वाचताच सह्या केलेले फॉर्म मी आता पाहिले. नात्याचा रकाना दहाही फॉर्मवर कोरा. नावाच्या रकान्यात मात्र दहाही ठिकाणी ठळक अक्षरात "जवाईबापू". चोवीस वर्षांत त्यांनी माझे नाव घेतलेले नाही. ते कागदावर तरी कसे घेणार?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पान दाखवले. परीक्षेला एकवीस दिवस होते. माझी बायको म्हणाली, "नवीन फॉर्मवर तुमचं नाव लिहा नं आडनाव. तो रकाना कोन पाहून राहिलं? दादाचं वर्ष जाईन." मेहुण्यांनी दहाही फॉर्म एकेक करून पुन्हा वाचले. मी घड्याळ पाहिले, चार मिनिटे. मग त्यांनी मला विचारले, "तुमाले काय वाटते, जवाईबापू?" मी म्हणालो, मला भीती वाटते, पण खोटी सही माझ्याने होणार नाही. "तेच मले वाटून राहिलं होतं," ते म्हणाले, "पन तुमच्या तोंडून यायले पायजे होतं." आणि दहा फॉर्म घेऊन ते स्वतः मॅडमकडे गेले. दहाही बैठका रद्द झाल्या. नाव राहिले, मुदत तीच.

मग एकवीस दिवसांत त्यांनी गांधीबागेत माणसे शोधून दहाही बैठका पुन्हा घेतल्या. चहावाला, दोन हमाल, समोरच्या दुकानातले मुनीम. त्या सगळ्यांनी आयुष्यभर त्यांचे सल्ले ऐकलेले, आता हा माणूस नुसता विचारतो आणि ऐकतो, हे पाहून मुनीम हळूच मला म्हणाले, "शेठची तब्येत तर बरी आहे नं?" परीक्षेत मॅडमनी मोजलेले सल्ले एकच निघाले. समोरच्या माणसाला उचकी लागली, तेव्हा ते पाणी प्या म्हणाले. मॅडमनी तो धरला नाही.

आता अभ्यासक्रमाच्या सरावासाठी दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांच्याकडे लोक येतात. मी जाऊ शकत नाही, नात्यात चालत नाही. रविवारी आठ वाजता आम्ही दोघे नुसते मैदानावर चालतो, आणि मोकळे सुटल्यामुळे ते मला चार फेऱ्यांत चाळीस तरी सल्ले देतात. सहाव्या रविवारी मी जे बोललो, त्याबद्दल एक अक्षर नाही. बहिणीलाही त्यांनी काही सांगितलेले नाही. ऐकलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही, हाही नियमच आहे. पण एरवी सगळ्यांच्या पुढे झपाझप चालणारा हा माणूस माझ्याबरोबर असला की अर्धे पाऊल मागे राहतो, आणि मला धाप लागली की बोलायचे थांबून माझा श्वास ऐकतो. माझे चौपन्नावे संपायला अजून अकरा रविवार आहेत. तेही मोजत असावेत, असे मला वाटते. विचारलेले नाही.