बयानात शिरलेली आग

दिवाळी होऊन गेली आणि सकाळी अंगणात जरा गारठा जाणवू लागला, की ती घटना मला अजून आठवते. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातल्या कित्येकांचे तपशील आता डोक्यातून पार पुसले गेले आहेत. झाडांच्या कचऱ्याला लागलेल्या आगीची ही लहानशी केस मात्र विसरता येत नाही, कारण तिच्यातली चूक माझी होती.

रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझा जन्म इथलाच. वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. आमच्या लहानपणी भर उन्हाळ्यात दुपारी सायकल काढली तरी डोक्यावर ऊन लागत नसे, इतके करंज, शिरीष आणि कडुनिंब रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना होते. राजधानी झाली आणि भोपाळहून साहेब लोक आले. शंकर नगरात ज्या घरांना भाडेकरू मिळत नसत, तिथे रातोरात कार्यालयांच्या पाट्या लागल्या. मग रस्ते रुंद करायचं ठरलं आणि झाडं पडू लागली. लोकांनी गडबड करू नये म्हणून आम्ही बंदोबस्ताला उभे. ज्या शिरीषाखाली मी शाळेत असताना सायकलची चेन बसवत असे, तो माझ्याच बंदोबस्तात पडला. वाईट वाटलं. पण आपलं गाव राजधानी झालं याचं अप्रूपही होतं, खोटं कशाला बोलू?

झाड पडलं की चांगलं खोड ताबडतोब डेपोत जायचं. फांद्या, पाला, साली, मुळं आणि करवतीचा भुसा मात्र कोणालाच नको असे. ज्यांना खोड मिळे ते म्हणत, आमचं काम संपलं. रस्तेवाले म्हणत, आमच्या ठेक्यात फक्त तोडणं आहे. सफाईवाले म्हणत, हा काही घरचा कचरा नव्हे. शेवटी माझ्या हद्दीत, उरला औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक सरकारी मोकळी जागा होती, तिथे सगळं नेऊन टाकू लागले. बघता बघता दोन ढीग उभे राहिले, दुमजली घराएवढे. मध्ये एक अवकाळी पाऊस झाला, तेव्हा ठेकेदाराच्या मुंशीने दोन्हींवर ताडपत्र्या ओढल्या. ढिगांना लागूनच एक पारा होता, म्हणजे कामगारांची वस्ती. तिथे सूप-टोपल्या विणणारी एक बाई राहायची. तिचा बांबू ढिगाच्या कडेला टेकवलेला असे.

एके दिवशी दुपारी त्यातला एक ढीग पेटला. दोन झोपड्या गेल्या. टोपल्यावाली बाई आपला बांबू ओढून काढायला गेली आणि तिचे दोन्ही हात भाजले. विणकाम करणाऱ्या बाईचे हातच भाजल्यावर लोक खवळणारच. ठाण्यासमोर गर्दी झाली. वरून फोन सुरू झाले, राजधानीत हे काय चाललंय म्हणून. आग लावून घर जाळल्याचं कलम ४३६ लावून मी गुन्हा दाखल केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रोजनामचा उघडून आदल्या दिवसाच्या नोंदी वाचत असतानाच खबर आली. त्या जागेसमोर पानठेला चालवणारा एक जण आला. खुर्चीच्या टोकावर बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “साहब, चौकीदार को पकड़िए. रोज सुबह ढेर पर बैठकर तापता था. और तीन दिन पहले उस बाई को धमकी भी दिया. बोला, हटा ले, नहीं तो जल जाएगा.”

ढिगांच्या जागेवर राखणीला असलेला हा सरकारी चौकीदार पन्नाशीचा, अभनपूरकडचा, अठरा वर्षं रोजंदारीवर असलेला. यंदा नियमित होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव होतं. शिपायांनी त्याला दहाच्या सुमारास आणला. अंगात खाकी सदरा, खांद्यावर गमछा, पायांत काही नाही.

मी विचारलं, “ढेर पर बैठकर तापता था?”

“हव साहब.” हव म्हणजे होय.

“आग किससे जलाई थी?”

“आगी नइ बारे हंव साहब. तापत भर रहेंव.”

आग पेटवली नाही, नुसता तापत होतो. मी छत्तीसगढी ऐकतच वाढलो, शब्द मला नीट कळले होते. पण शेकत होतो आणि आग नव्हती, असं म्हणणारा माणूस आपल्याला खुळ्यात काढतोय असंच मला वाटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा तेच ऐकल्यावर मी उठलो आणि त्याच्या तोंडात मारली. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला बसलोच आहे तर हेही लिहिलं पाहिजे. त्या काळी हे चालायचं, ही सबब मी देणार नाही. माझ्या ठाण्यात चालायचं ते मी चालू देत होतो म्हणून.

त्याने गाल चोळलासुद्धा नाही. एवढंच विचारलं, दुसऱ्या ढिगावर आज कोण आहे? मला वाटलं, पुरावा लपवायचा असेल. ठाण्याच्या मुंशीला मी बयान सांगितलं. ठाण्याचा कारभार हिंदीतून, तेव्हा त्याच्या ‘तापत रहेंव’चं हिंदी करून मीच बोललो, “लिखो, मैं ढेर पर बैठकर आग ताप रहा था.” हिंदीत माणूस आगच तापतो, तशी बोलायची पद्धतच आहे. बयान वाचून दाखवलं, तेव्हा तो मान खाली घालून हव हव करत राहिला. मोठ्या साहेबांपुढे आमच्याकडचा साधा माणूस ऐकतोय एवढं सांगायलाही हव म्हणतो, हे मला माहीत होतं. सोयीचं होतं म्हणून तेव्हा आठवलं नाही. अंगठा घेतला. दुपारी बाराला अटक दाखवली. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत त्याला कोर्टापुढे उभं करायचं होतं, आणि तिथून तो जेलात गेला असता तर यादीतलं नाव कायमचं कटलं असतं.

चारच्या सुमारास माझा हवालदार पंचनामा करून परतला. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरकडचा माणूस. वयाने माझ्याहून मोठा, कामात संथ, पण नजर बारीक. त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाला, “साहेब, मले हे काही बरोबर दिसून नाही राहिलं.”

“काय झालं?”

“ढिगाच्या वरचा पाला एका अंगाने हिरवाच हाय. अन् आत सगळी राख. वरून लावलेली आग आतून काहून जळते?”

मी म्हणालो, “वाऱ्याने होत असेल.”

“वारं आत कुठून जाते? अन् काल दुपारी ठेकेदाराच्या मुंशीने मशीन लावून ढिगाचा एक कोपरा उकरला होता, जागा करासाठी. त्याच्यानंतर दोन घंट्यात पेटलं. पानठेलेवाल्याने हे तुम्हाले सांगितलं?”

नव्हतं सांगितलं. मीही विचारलं नव्हतं. हवालदार आता बसला. “आमच्या धानपट्टीत ओली तणीस, धानाचा पेंढा, कोणी रचत नाही साहेब. ओली रचली तर गंजीच्या पोटात उकाडा धरते. सकाळी वाफ निघून राहते, हात घातला तर भाजते. अन् उघडली की हवा लागून भडकते. इथे तर ओला पाला, ओला भुसा, वरून ताडपत्री. तो बुढा शेकत होता म्हणते ना? त्याले तुम्ही विचारलं का, कशावर शेकत होता?”

मी उठून लॉकअपपाशी गेलो. शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं आणि गजांजवळ उकिडवा बसलो. या वेळी मी हिंदी बाजूला ठेवली आणि माझ्या मोडक्या छत्तीसगढीतच विचारलं, “काय तापत रहे, कका?”

तो पुढे सरकला. मग म्हणाला, “ढेरी ल साहब. ढेरी ह भीतरी ले तात हे.” ढीगच आतून गरम आहे. थंडीत बरं वाटायचं म्हणून तो त्यावर बसायचा. पंधरा दिवसांपूर्वी वाफ दिसली तेव्हा ठेकेदाराच्या मुंशीला सांगितलं, मुंशी हसला. मग पाहणीला आलेल्या इंजिनीयरला सांगितलं, त्याने गाडीची काच वर केली. मग टोपल्यावाल्या बाईला सांगितलं, बांबू हटव, जळून जाईल. आणि दुसरा ढीग पहिल्याहून मोठा आहे, साहेब, आज तिथे कोण आहे?

मी ताबडतोब दोन शिपाई तिथे बसवले, ढिगाला कोणी हात लावू नये म्हणून, आणि अग्निशमनवाल्यांना सकाळी येण्याचा निरोप धाडला.

सकाळी सातला आम्ही जागेवर होतो. ताडपत्रीच्या फटींतून वाफ निघत होती. मी शेजारच्या रोलिंग मिलमधून एक लांब सळई मागवली. चौकीदाराला बरोबर आणलं होतं, त्याने जागा दाखवली आणि दोन शिपायांनी सळई ठोकून ढिगाच्या पोटापर्यंत घातली. इंजिनीयरला बोलावलं होतं, ते घड्याळ पाहत उभे होते. ठेकेदाराचा मुंशीही आला होता. तो म्हणाला, “साहब, गीला पत्ता है, इसमें क्या गरम होगा.” मी म्हटलं, मग तूच काढ. वीसेक मिनिटांनी त्याने ऐटीत सळई ओढायला घेतली. अर्धी बाहेर आली आणि आतला भाग हातात येताच “अरे बाप रे” म्हणत टाकून तो मागे सरला. शिपाई हसले. मला हसू आलं नाही. अग्निशमनवाल्यांनी पाइप धरून तो ढीग थोडा थोडा उघडला, तेव्हा मधोमध लाल निखारे दिसले. पाऱ्यातल्या बाया कडेवर पोरं घेऊन बघत होत्या. त्यांची घरं त्या निखाऱ्यांपासून वीस पावलांवर होती.

हवालदार तिथूनच हॉस्पिटलात गेला आणि टोपल्यावाल्या बाईचं बयान घेऊन आला. ती म्हणाली होती, “धमकी नइ दिस साहब, चेताय रहिस.” धमकावलं नव्हतं, सावध केलं होतं. निम्मा बांबू त्यानेच उचलून लांब ठेवला होता. उरलेला उद्या नेते, असं तीच म्हणाली होती.

अकरा वाजता मी पुरावा नसल्याने आरोपी सोडण्याच्या कलम १६९ खाली अहवाल लिहिला, त्याचा मुचलका घेतला आणि त्याला सोडलं. बयानातला माझा शब्द कसा चुकला तेही अहवालात लिहिलं. ठाण्याच्या मुंशीने विचारलं, “साहब, ये लिखना जरूरी है?” मी म्हटलं, लिही. कागदावर अंगठा देऊन चौकीदार गमछा झटकून उभा राहिला. मला काहीतरी बोलायचं होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत आरोपीची माफी मागायची कशी, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी म्हणालो, “कका, काली मैं तोला मारेंव.” काल मी तुला मारलं.

“हव,” तो म्हणाला.

जाऊ द्या, असं म्हणाला नाही. साहेबांचं कामच आहे, असंही नाही. मी एक खरी गोष्ट सांगितली आणि त्याने ती खरी आहे एवढं सांगितलं. मग पायरी उतरून तो निघून गेला.

पुढे मी वरिष्ठांमार्फत एक पत्र पाठवलं. वस्तीपासून अंतर ठेवा, ढीग पुरुषभर उंचीच्या वर नेऊ नका, ओला पाला आणि भुसा वेगळा टाका, वरून झाकून टाकू नका, दोन ढिगांत पाण्याची गाडी जाईल एवढी वाट सोडा, दर आठवड्याला सळई घालून पाहा, वाफ दिसली तर मशीन लावण्याआधी पाणी आणा. मसुदा माझ्या सहीचा होता, पण त्यातली प्रत्येक ओळ मी चौकीदाराला समोर खुर्चीवर बसवून विचारून लिहिली होती. दोन महिन्यांनी तसा आदेश निघाला. सळई घालून पाहण्याचं काम त्यालाच मिळालं आणि यादीतलं नावही टिकलं. बाईचे हात बरे व्हायला पावसाळा उजाडला. डाव्या हाताची दोन बोटं पुरती वळेनात, तरी तिने पुन्हा टोपल्या विणायला घेतल्या. आमच्या घरी तिचं एक सूप होतं, माझी बायको तांदूळ पाखडायला तेच घ्यायची.

निवृत्तीनंतर नव्या मुलांना दोन शब्द सांगा म्हणून प्रशिक्षणाला बोलावतात, तेव्हा मी हीच केस सांगतो. समोरचा ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत त्याचा शब्द आधी लिहा, हिंदी नंतर करा, असं सांगतो. मुलं वहीत लिहून घेतात. मी त्यांना सगळं सांगतो, थप्पडसुद्धा. पण एक गोष्ट त्यांच्यापुढे बोलायची दर वेळी राहते, म्हणून ती इथे लिहितो. तो माणूस पंधरा दिवस सगळ्यांना सांगत फिरत होता की ढीग आतून पेटतोय. मुंशी हसला, इंजिनीयरने काच वर केली, बाई उद्या म्हणाली. चौथ्यांदा त्याने ते मला सांगितलं, तेव्हा तो ठाण्यात उभा होता आणि ऐकणं हीच माझी नोकरी होती. चौघांत हात फक्त मी उचलला.