अक्काच्या केसांना मी लावलेला रंग

माझ्या आयुष्यात मी ज्या एका माणसाचा सर्वांत जास्त ऋणी आहे, ती माझी थोरली बहीण यमुना. आमची अक्का. मागच्या महिन्यात ती गेली. मी अकोल्याला सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासतो. दुपारी साहेबांच्या टेबलावर फोन आला म्हणून शिपाई बोलवायला आला. नाशिकहून अक्काच्या शेजारच्या कांताबाई बोलत होत्या, लाइन खरखरत होती. "भाऊ, अक्का गेल्या हो… कावीळ झाली व्हती. तुम्हाला कळवते म्हटलं तर नको म्हणाल्या, त्याला रजा मिळत नाय." तिला कावीळ झाली आहे हे मला माहीतही नव्हतं. फोन ठेवून मी साहेबांना म्हणालो, "बहीण वारली." आणि त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला तो सांगायला लाज वाटते. माय दोन वर्षांपूर्वीच गेली, आता ती गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, असा तो विचार होता. त्यात थोडी सुटका होती… म्हणूनच ती गोष्ट लिहून काढतो आहे.

आमचं गाव देवळ्याच्या बाजूला. वडील कांद्याच्या गोण्या शिवायचे. मी आठवीत असताना ते गेले. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, सातवी पास. ती एका नातेवाइकाच्या ओळखीने नाशिकला आली आणि सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात स्क्रू बसवायच्या कामाला लागली. मायला गावी ठेवलं आणि मॅट्रिक झाल्यावर मला तिने आपल्याजवळ आणलं. एकच खोली, एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्यात माझं टेबल. टेबल तिने माझ्या आधी आणून ठेवलं होतं. आमच्या घरात कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी रसायनशास्त्र घेतलं तेव्हा तिने विचारलं, "त्यात काय शिकवत्यात?" मी म्हणालो, "कशात काय मिसळलं की काय होतं, ते." ती हसून म्हणाली, "मग स्वैपाकच की रे. ते तर मीबी शिकवलं असतं."

आमच्या घराण्यात केस लवकर पिकतात. अक्काचे चोविसाव्या वर्षीच भांगाजवळ पिकायला लागले. तिचे केस कमरेपर्यंत लांब आणि दाट होते, आणि तिला त्यांचा अभिमान होता. कारखान्यात बायका डोक्याला रुमाल बांधून काम करायच्या. ती रुमाल सोडायची तेव्हा सगळ्या बघायच्या, असं तिच्याच कारखान्यात जाणाऱ्या कांताबाई सांगायच्या. पिकलेले केस झाकायला अक्काची स्वतःची पद्धत होती, आणि ती दोन दिवसांची होती. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी लोखंडी कढईत वाळलेला आवळा आणि चहाची भुकटी उकळायची. ते पाणी गाळून त्यात वस्त्रगाळ मेंदी कालवायची आणि कढई झाकून ठेवायची. सकाळी वरचा थर काळपट दिसला की कपाळाच्या कडेला आणि कानांना खोबरेल लावून घ्यायची, म्हणजे कातडीवर डाग पडत नाही, आणि मग बटा सोडवत सोडवत मेंदी लावायची. तीन तासांनी नुसत्या पाण्याने धुवायचं, शिकेकाई नाही. त्या दिवशी पांढरे केस नारिंगी दिसायचे. दुसऱ्या दिवशी भद्रकालीतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली निळीच्या पानांची पूड कोमट पाण्यात कालवून लावली की नारिंगीचे काळे व्हायचे. पानं नवी आणली की आधी कंगव्यात आलेल्या केसांच्या गुंतवळ्याला लावून बघायची, आणि थोडं कानामागेही. तोपर्यंत डोक्याला हात लावायची नाही.

त्या नारिंगी दिवसाची चाळीत चेष्टा व्हायची. नळावर कांताबाई म्हणायच्या, "आज काय अक्का, डोक्यावर झेंडू फुलला का?" अक्का म्हणायची, "उद्या ये, उद्या कावळा बसंल." मी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणायचो, "अक्का, बाजारात अर्ध्या तासात काळे करणारी पावडर मिळते, तू दोन दिवस कशाला घालवतेस?" ती म्हणायची, "केस माझे हायेत, दिवसबी माझे हायेत. तू अभ्यास कर."

माझा पदवीचा निकाल लागला ते वर्ष आणीबाणी उठल्याचं. त्याच उन्हाळ्यात अक्काला एक स्थळ आलं. ती तेव्हा तिशीला आली होती. माझं शिक्षण पुरं होईपर्यंत तिने कुठल्या स्थळाला दारात उभं केलं नव्हतं, आणि ते माझ्यामुळे हे कुणी मला सांगायची गरज नव्हती. मुलगा, म्हणजे गृहस्थच म्हणायचे, मालेगावला एस.टी.च्या डेपोत हिशेबनीस होते. एका लग्नात त्यांनी अक्काला पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि स्वतःहून निरोप पाठवला होता. त्यांच्या आईने एकदा बघायचं, एवढंच बाकी होतं. त्या आठवड्यात अक्का गुणगुणत स्क्रू बसवते असं कांताबाईंनी मला मुद्दाम येऊन सांगितलं. माय गावाहून आली. पाहुणे रविवारी येणार होते. अक्काने शुक्रवारी मेंदी भिजवायचं ठरवलं होतं.

शुक्रवारी दुपारी निरोप आला की पाहुण्यांचं नाशकात दुसरं काम निघालं आहे, ते उद्याच येतील. अक्काने आरशात पाहिलं. दोन महिन्यांत भांग पांढरा झाला होता. "आता मेंदी लावली तर उद्या नारिंगी दिसंन," ती म्हणाली. "राहू दे. जशी हाये तशी बघतील." खरं तर तिथेच सगळं ठीक होतं. त्या गृहस्थांनी तिला पंगतीत बघितलं होतं ते काही केस मोजून नाही. पण मला माझं शिक्षण तिच्या कामी आणायचं होतं. मी मेन रोडला गेलो आणि पावडरीची दोन पाकिटं घेऊन आलो.

तिने पाकीट हातात घेऊन वास घेतला. "भाऊ, मागं कारखान्यातल्या एकीनं काळी मेंदी म्हणून दिली व्हती, तेव्हा कानामागं लय खाज सुटली व्हती. ही तीच का काय?"

"ती भेसळीची असेल. ही कंपनीची आहे."

"मग आधी कानामागं लावून बघू. उद्या सकाळी डोक्याला लावू."

पाकिटातल्या कागदावरही तेच छापलं होतं. आदल्या दिवशी कानामागे लावून बघावं, खाज आली तर वापरू नये. मी तो कागद वाचला होता. वाचून घडी केली आणि खिशात ठेवला. "अक्का," मी म्हणालो, "मी तीन वर्षं हेच शिकलो ना? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

ती लगेच पाटावर बसली. माझ्याकडे पाठ करून तिने केस मोकळे सोडले. विश्वासाचा प्रश्न मी घातला नसता तर ती बसली नसती.

मी एका पाकिटाऐवजी दोन्ही कालवली, रंग पक्का बसावा म्हणून. कागदावर अर्धा तास लिहिला होता, मी पाऊण तास ठेवला. ती मध्येच म्हणाली, "चुरचुरतंय रे." मी म्हणालो, "म्हणजे लागतोय." धुतल्यावर केस काळेभोर झाले. माय कौतुकाने बघत राहिली. मी परीक्षेत पहिला आल्यासारखा हिंडत होतो.

सकाळी मायच्या आवाजाने मी उठलो. "तुन्हा तोंडले काय जायं वं माय?" अक्का भिंतीला टेकून बसली होती. कपाळ सुजून पुढे आलं होतं, पापण्या इतक्या फुगल्या होत्या की डोळ्यांच्या जागी दोन चिरा होत्या. भांगातून पाणी झिरपत होतं. मी डॉक्टरांना घेऊन आलो. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि "काय लावलं होतं?" विचारलं. मी तोंड उघडण्याच्या आत अक्का म्हणाली, "मीच आणून लावलं." मायलाही तिने तेच पटवलं. माय आदल्या दिवशी सगळं बघत होती, तरी अक्का म्हणाली, "पाकीट मीच मागवलं. भाऊ नको म्हणत व्हता." लेकाच्या बाबतीत मायला हे मानायला सोपं गेलं असेल.

पाहुण्यांना परत फिरवायला वेळच नव्हता. दुपारी ते आले. अक्का पदर पुढे ओढून समोर बसली. गृहस्थांच्या आईने पदराखाली वाकून पाहिलं आणि त्या मागे सरकल्या. "हे काय हो? अंगावर बी उठतं का असं?"

"नाय," अक्का म्हणाली. "केसाला रंग लावला व्हता. सोसला नाय."

"पिकले व्हते मंग. वय झाकायला लावला म्हना ना."

ते गृहस्थ आईला हलकेच म्हणाले, "आई, असू दे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पोह्यांची बशी होती. "तुम्ही तर सायन्सचे ना?" त्यांनी विचारलं. "हे असं होतं का रंगाने? आठ दिवसांत बरं होईल ना?" त्यांना फक्त हो पाहिजे होतं. कुणीतरी शिकलेल्या माणसाने आईसमोर सांगावं, की हा रोग नाही. आणि मी एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी आहे, मी लावला. मी म्हणालो, "मला… नक्की सांगता येत नाही." आणि बशी पुढे केली.

आठ दिवसांत सूज उतरली, पंधरा दिवसांत कातडी निवळली. मधल्या काळात मालेगावहून निरोप आला की मुलीला कातडीचा रोग दिसतो. मालेगाव नाशिकपासून काही परदेश नव्हे. सकाळच्या बसने जाऊन संध्याकाळी परत येता आलं असतं. डेपोत जाऊन त्या माणसाला दोन वाक्यं सांगायची होती. मी चार सकाळी जायचं ठरवलं आणि चारही दिवस अर्ज लिहीत बसलो. दोन महिन्यांनी मला नोकरीचा हुकूम आला. स्टेशनवर अक्का म्हणाली, "त्याचा विचार करू नको. तिकडं मन लावून काम कर." तिला माझा विचार माहीत होता, आणि तो मी बोलणार नाही हेही माहीत होतं.

त्यानंतर 'कातडीचा रोग' तिच्या आधी प्रत्येक घरी पोहोचला. आणखी दोन स्थळं आली आणि आली तशी गेली. ते गृहस्थ कुठेतरी बोहल्यावर चढले असं कळलं. अक्काने मेंदी लावणं सोडून दिलं. पस्तिशीला तिचं डोकं पांढरं झालं. मी एकदा तिच्याबरोबर सातपूरहून बसने येताना एका पोराने उठून तिला जागा दिली. ती बसता बसता मला म्हणाली, "बघ, काळ्या केसाला कधी जागा मिळाली व्हती का?" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. माझं लग्न तिनेच ठरवलं, आमच्या मुलीचं छबी हे नावही तिनेच ठेवलं. माझी बायको सुमन तिला सासूच्या जागी मानायची. सुमनला मी यातलं काही सांगितलेलं नाही. हा लेख छापून येईल तेव्हा तिला कळेल.

नाशिकला दहावं उरकल्यावर कांताबाईंनी अक्काची पत्र्याची पेटी माझ्या हवाली केली. त्यात माझी सगळी पत्रं तारखेने लावलेली होती. एक मला नीट आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी मी ठरवून कागद पुढे घेतला होता, आज अक्काला सगळं कबूल करून टाकायचं, क्षमा मागायची. तास दीड तास बसलो. जे लिहून झालं ते पाकिटात घालून टाकलं. त्याला तिचं उत्तर आलं होतं चार पानांचं, पेन्सिलने लिहिलेलं. आवळे किती, पाणी किती, झाकण कधी काढायचं, सगळं. शेवटी लिहिलं होतं, आधी कानामागे एक दिवस लावून बघ, मगच डोक्याला लाव, हे विसरू नको. त्यापलीकडे एक अक्षर नाही. ते उत्तर माझ्याजवळ आहे, पण ते मी इथे देत नाही. त्यावर माझा हक्क नाही. माझं पत्र मात्र आहे तसं देतो.

"ती. अक्का,

शि. सा. नमस्कार. आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. तुझी तब्येत कशी आहे? मायचे गुडघे कसे आहेत? येथे ऊन फार आहे. नमुने जास्त येत असल्याने रजा मिळत नाही, त्यामुळे दिवाळीपर्यंत येणे होईल असे वाटत नाही.

पत्र लिहिण्याचे कारण की माझे केस कानांच्या वर बरेच पिकले आहेत. परवा छबीला बालवाडीतून आणायला गेलो तर तिची मैत्रीण म्हणाली, छबी, तुझे आजोबा आले. छबी घरी येईपर्यंत रडत होती. तू पूर्वी मेंदी लावायचीस ती कशी भिजवायची, आवळा किती घ्यायचा, कढईत किती वेळ ठेवायची, निळीची पाने कधी लावायची, ते सविस्तर कळव. घाई नाही.

येथे दुकानात पावडर मिळते. पण ती लावायचा मला धीर होत नाही.

तुझा,
भाऊ"