शिंप्याचा खांदा

हळूबाई हे नाव तबेल्यातल्या माणसांनी चिडवायला ठेवलं होतं आणि बाईंनी ते बिनतक्रार घेतलं. दार उघडायचं ते हळू, बादली ठेवायची ती हळू, बोलायचं ते त्याहून हळू. बिथरलेले घोडे माणसात आणायचे, हे त्यांचं काम. चावरे, लाथाळ, कडी वाजली की कोपऱ्यात थरथरत उभे राहणारे घोडे लोक इथे आणून सोडत आणि बाई त्यांच्यापुढे जाऊन काहीच करत नसत. नुसत्या उभ्या राहत. बघणाऱ्याला वाटावं, हिला पगार देतात तरी कशाचा?

तांबडा आला तेव्हा मात्र बाईंवरही हात टेकायची वेळ आली होती. आधीच्या मालकाने त्याला काठीने वळण लावलं होतं. त्यामुळे कुणाचा हात वर गेला, मग तो कपाळावरचा घाम पुसायला का असेना, की तांबडा दातांनी उत्तर देई. बाई त्याच्याकडे न बघता दाराशी उभ्या राहायच्या. त्याने मान पुढे केली की त्या स्वतःच मागे सरायच्या. आपल्याला नको असेल तर हे माणूस जातं, एवढं त्याला कळू दे, मग पुढचं बघू, असं त्यांचं म्हणणं. हिवाळा गेला, उन्हाळा आला आणि एका सकाळी तांबड्याने आपलं डोकं त्यांच्या काखेत खुपसलं.

इथेच बाई चुकल्या. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं आणि त्या तिथेच थांबल्या. दुसरं कुणी जवळ आलं की तांबडा कान मागे पाडायचा आणि बाईंना मनातून गुदगुल्या व्हायच्या. "माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही हो," असं त्या तक्रारीच्या सुरात सांगत, पण ती तक्रार नाही हे तबेल्यातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मग बाईंच्या खुब्याने दगा दिला. ऑपरेशन करायचं आणि नंतर कित्येक महिने तबेल्याचं तोंड बघायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. तबेल्याची मालकीण चांगली बाई, पण तिलाही माणसं सांभाळायची होती.

"हळूबाई, मागे तुम्ही तापाने घरी होतात तेव्हा याने गवताला तोंड लावलं नाही आणि पहिलवानाच्या दंडाला चावला," ती म्हणाली. "तुम्ही रविवारी दवाखान्यात जाणार. जायच्या आधी कुणीही एकाने याच्या तोंडाला मोरखी घालून हौदापर्यंत नेऊन दाखवावं. नाहीतर मला व्यापाऱ्याची गाडी बोलवावी लागेल."

त्या गाडीत चढलेले घोडे पुढे कुठे जातात, हे तबेल्यात कुणी बोलून दाखवत नसे.

सगळ्यांनी प्रयत्न केले. पहिलवान, म्हणजे पेंढ्या वाहणारा तो आडदांड गडी, खिशात गाजरं भरून गेला आणि गाजरं टाकून परत आला. नाल ठोकणारा गेला. खुद्द मालकीण गेली. बाई मागून सांगत होत्या, हात खाली, नजर खाली, श्वास सोडा. त्या जेवढं सांगत तेवढी आत गेलेली माणसं आखडत आणि माणसं आखडली की तांबडा भिंतीवर लाथा झाडे. शनिवारी दुपारी सगळ्यांनी कानाला खडा लावला.

त्या दुपारी डबा घेऊन बाईंचे यजमान आले. यजमान शिंपी. लहानपणी घोड्यावरून पडल्यापासून त्यांनी या प्राण्याचा धसका घेतला होता, त्यामुळे स्वतःचं लग्न होऊन पोरीचंही लग्न झालं तरी त्यांनी कधी फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. डबा फाटकावरून द्यायचा आणि निघायचं. माणूस टापटिपीचा. सदऱ्याला एक सुरकुती पडली तर दिवसभर बेचैन. पण आज बाईंना फाटकापर्यंत चालवेना. नाइलाजाने ते आत आले तर बायको तांबड्याच्या दाराशेजारी पेंढीवर बसून रडत होती.

"मीच वाटोळं केलं त्याचं," बाई म्हणाल्या. "मीच त्याला माझ्यापुरता ठेवला."

शिंप्याला समजूत घालता येत नसे. मुलीच्या पाठवणीलाही ते हार मोजत बसले होते. त्यांनी एक बादली उपडी घातली, घोडा दिसू नये म्हणून दाराकडे पाठ करून बसले आणि पिशवीतून गिऱ्हाइकाचा कोट काढला.

"तू रड," ते म्हणाले. "मी बसलोय."

ते काजं करू लागले. मागे बाईंचे हुंदके हळूहळू शांत झाले.

बऱ्याच वेळाने अर्ध्या दारावरून तांबड्याचं डोकं बाहेर आलं. बाईंना आधी दिसले ते कान. पुढे वळलेले. त्यांच्या ओठांवर दहा सूचना आल्या आणि त्यांनी त्या सगळ्या गिळल्या. डोकं खाली उतरलं आणि शिंप्याच्या खांद्यावर टेकलं.

"थांब गं, एवढं काज होऊ दे," शिंपी मागे न बघता म्हणाले आणि मोकळ्या हाताने त्यांनी खांद्यावरचा गाल थोपटला. मग तो हात थबकला. आपल्या बायकोला एवढ्या मिशा नाहीत, हे बोटांना कळलं होतं.

"अगं," ते क्षीण आवाजात म्हणाले, "तू कुठे आहेस?"

"मागे बसलेय."

"मग हे कोण?"

"हलू नका."

"हलायला पायात जीव कुठाय?"

त्यांची पाचावर धारण बसली होती, पण त्यांनी हात उगारला नाही की डोकं ढकललं नाही. तांबड्याने लांब श्वास सोडला. या माणसाला आपल्याकडून काही नको, हे त्याला पटलं असावं. खरंच नको होतं. दुसरं काही सुचेना म्हणून शिंप्याने पुन्हा सुई चालवायला घेतली आणि उरलेली काजं खांद्यावर घोडा घेऊन पूर्ण केली.

ऊन कललं तेव्हा बाईंनी मोरखी पुढे केली. "नाकावरून वर न्यायची, मग कानामागे."

"कोट चढवतात तशी?"

"तशीच. गिऱ्हाईक जरा घाबरट आहे."

घाबरट गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड कसं चढवायचं, हे शिंप्याला सांगावं लागत नव्हतं. त्यांनी पट्टा आधी त्याला हुंगू दिला, मग इतक्या अलगद चढवला की तांबड्याने शेपूटही हलवली नाही. बाईंना बरं वाटलं आणि पोटात जरा जळलंही. जळलं ते जळलंच, त्यात खोटं काय बोलायचं?

रविवारी सकाळी शिंपी तांबड्याला घेऊन हौदापर्यंत गेले. मालकीण म्हणाली, "छान, पण आता डोळे उघडा हो." पहिलवान पोट धरून हसला. बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तरी दवाखान्यात जाताना त्या वाटभर विचारत होत्या, उद्या जाल ना? परवा?

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी यजमान भेटायला आले. बाई विचारणार होत्या, त्याने खाल्लं का, तेवढ्यात त्यांची नजर त्यांच्या खांद्यावर गेली. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर, उजव्या खांद्याला, गवत मिसळलेल्या लाळेचा हिरवट डाग होता. अजून ओला.

"सदरा बदलायचा होतात," त्या म्हणाल्या.

"कशाला? संध्याकाळी परत जायचंच आहे."

बाईंनी डोळे मिटले. बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.